अनारशावरची खसखस

१२ ऑक्टोबर, रविवार

रेश्मा आली. रहिमतपूरच्या स्टँडवर गाडीतून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही. केस कापलेत, चष्मा लागलाय. दोन वर्षांनी पोरगी घरी येते, आईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि घरात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य काय? "आई, जाताना फराळाचं कायबी बांधू नगंस. आधीच सांगून ठेवते. तिथं सगळं मिळतं."

आमची मनुबाई, म्हणजे तिची आई, नुसती हसली. मी मात्र दिवसभर त्या वाक्यावर धुसफुसतो आहे. पोरगी दुबईत नर्स होऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक. दर खेपेला तिची बॅग मी बांधून दिली आहे. फौजेतली निम्मी नोकरी मी स्टोअरात काढली. लालासाहेब सुभेदाराने बांधलेलं सामान वाटेत सुटलं असं आजवर झालेलं नाही. एरवी ती उन्हाळ्यात यायची, शेंगदाण्याची चटणी, सांडगे, चकल्या घेऊन जायची. दिवाळीला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच घरी आहे. म्हणजे यंदा खरं तर दुप्पट न्यायला हवं.

१५ ऑक्टोबर

अनारशाचं पीठ तयार आहे. हिने तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, फडक्यावर वाळवून कुटले, गूळ घालून गोळा डब्यात दाबून ठेवला. खसखस मी स्वतः रहिमतपुरातून आणली. वाणी जुनी दाखवत होता. मी म्हटलं, चिमूट तळहातावर घे, वास घे आणि मग बोल. नवी काढून दिली मुकाट्याने.

दुपारी पुन्हा तोच विषय. रेश्मा राहते त्या इमारतीत आक्काताई म्हणून कोणी सांगलीकडची जैन बाई आहे. ती घरात फराळ करून विकते. आमची पोरगी गेली तीन वर्षं दिवाळीला तिच्याकडून चकल्या विकत घेते. हे मला आज कळलं.

"नाना, ताज्या असत्यात. तुमी दिलेल्या चकल्यांचा तिथं जाईस्तोवर चुरा हुतोय."

"अनारसं बी करते व्हय ती बाई?"

"करते की. फक्त वरनं खसखस न्हाई, रवा लावते."

मला हसू आवरेना. बिनखसखशीचा अनारसा म्हणजे बिनमिशांचा सुभेदार. रेश्माही हसली. मग म्हणाली, "तिथं खसखस मिळत न्हाई नाना. तिथं तर ती..." एवढ्यात दूधवाल्याने बाहेरून हाक मारली म्हणून मी उठलो. परत आलो तेव्हा मायलेकी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या आणि हिचा चेहरा जरा गंभीर झाला होता. मला पाहून दोघी गप्प. बायकांची काहीतरी भानगड असेल.

मिळत नाही तर इथून न्यावी. एवढं साधं आहे.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

अनारसे तळले. एकही हसला नाही. तुपात सोडल्यावर विरघळून पसरला की हसला म्हणतात, आणि त्या दिवशी घरातलं बाकी कोणी हसत नाही. हिच्या हाताला यश आहे. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने वरून तूप सोडत बसली होती, कपाळावर घाम. मी शेजारी पाटावर बसून मोजणी करायचं काम केलं, म्हणजे खायचं.

रेश्माने बसल्या बैठकीला चार खाल्ले. बोटं चाटली.

"मग न्हेत का न्हाईस?" मी विचारलं.

"हितं खातीया न्हवं? हितलं हितं, तिथलं तिथं."

असलं उत्तर मला समजत नाही.

२४ ऑक्टोबर

उद्या रेश्मा निघणार. दुपारी तिची बॅग बांधायला घेतली तर माझ्या हातातून पट्टा काढून घेतला. मी चिवड्याची पिशवी पुढे केली, ती बाजूला ठेवली. शेवेचा डबा, बाजूला. शेवटी म्हणाली, "नाना, तुमाला मला खाऊ घालायचं नसतंय. तुमाला पाठवायचं असतंय." हसत म्हणाली, पण मला ते लागलं. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

हिला मी म्हणालो, निदान अनारसे तरी दे. तर ही म्हणते, "अनारसं तर नगंच. ऱ्हाऊ द्या आवं. रेश्मा नगं म्हणतीया न्हवं?" पोरीपुढे हिचं काही चालत नाही, जुनीच गोष्ट आहे.

मला माझी पहिली रजा आठवली. रजा संपवून वर बर्फात पोस्टवर पोचलो, ट्रंक उघडली, आणि जर्सीच्या घडीत आईने लपवलेली अनारशांची पुरचुंडी निघाली. मी नको म्हणालो होतो, मित्रांत लाज वाटायची म्हणून. त्या दिवशी जर्सीत तोंड खुपसून रडलो होतो. असं काही विकत मिळत नाही.

म्हणून संध्याकाळी मायलेकी देवळात गेल्या तेव्हा स्टीलचा छोटा डबा भरला. वरच्या थराला भरपूर खसखस लागलेले निवडून ठेवले. रेश्माच्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी बसवला, वर कपडे होते तसे लावले. बघणाऱ्याला पत्ता लागणार नाही. तिथे जाऊन उघडेल तेव्हा कळेल तिला, तिच्या बापाला काय करायचं असतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

साताऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. मुंबईच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, "नाना, रागावू नगा." मी म्हटलं, "जा गं. पोचलीस की फोन कर." मनातल्या मनात हसत होतो.

२६ ऑक्टोबर

फोन नाही. मी दोनदा लावला, बंद. पोचल्या पोचल्या ड्युटी लागली असेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काय लिहावं कळत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी परदेशी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज. "काका, मी आक्काताई. रेश्माच्या शेजारची. काकू जवळ हायत काय? नसतील तर बरं. काका, रेश्मा अजून घरी आली न्हाई. तिला विमानतळावरच धरलंय."

मला वाटलं अपघात. मी तेच विचारलं. ती म्हणाली, "अपघात न्हवं. तिच्या बॅगंत अनारशाचा डबा घावला. खसखस हाय वरनं. हितं खसखशीला अफू म्हणूनच धरत्यात काका. लय कडक कायदा हाय. आम्ही हितं खसखशीचा दाणासुद्धा घरात ठेवत न्हाई."

अफू. माझ्या रेश्माच्या बॅगेत अफू.

"तिनं मला सतरांदा सांगितलं व्हतं, ह्या खेपेला कायबी घेऊन येत न्हाई म्हणून," आक्काताई म्हणाली. "डबा कसा आला तिला ठाऊकच न्हाई. काका, कुणी ठेवला डबा?"

मी म्हटलं, "घरात विचारून सांगतो."

ते वाक्य मी का बोललो ते आता इथे लिहायला बसलो तरी सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं.

२८ ऑक्टोबर

हिला काही सांगायचं नाही असं ठरवलं आहे. हिचं काळीज आधीच नाजूक, रक्तदाबाची गोळी चालू आहे. सकाळी म्हणालो, रेश्माला बंदिस्त वॉर्डात ड्युटी लागली आहे, आत फोन नेता येत नाही, महिनाभर असंच चालेल. ही पीठ मळत होती. हात थांबले. मग "बरं," म्हणाली आणि पुन्हा मळू लागली. माझ्याकडे पाहिलं नाही.

लगेच विश्वास ठेवला. भोळी आहे म्हणूनच तिला जपावं लागतं.

३० ऑक्टोबर

सांगलीला जाऊन आलो. आक्काताईचा भाऊ वर्धमान, मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे. हिला सांगितलं, पलटणीतला जुना मित्र आजारी आहे, भेटून येतो. पॅसेंजरने गेलो. सगळ्या वाटेत एकच विचार, पोरगी कुठल्या खोलीत असेल, तिथे खिडकी असेल का.

वर्धमान माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, शांत माणूस. पेढीत हळदीची पोती छतापर्यंत. त्यांनी नोकराला बाहेर पाठवलं आणि सगळं नीट समजावलं. "सुभेदारसाहेब, खसखस अफूच्याच बोंडातली. आपल्याकडं वाण्याच्या बरणीत असते म्हणून आपल्याला कधी तसं वाटतच न्हाई. आक्का पहिल्यांदा गेली तवा आम्ही घरचा मसाला बिनखसखशीचा कुटून दिला. अनारशाला रवा लावायची सवय तिनं तिथंच करून घेतली. सुरवातीला आई हसली व्हती तिला."

मीही हसलो होतो. ते बोललो नाही.

आक्काताईने तिथे वकील गाठून दिला आहे. रेश्माच्या तपासण्यांत काही निघालेलं नाही, तिच्याबद्दल दवाखान्यातही सगळे चांगलंच सांगतात. "सगळं एका ठिकाणी अडतंय," वर्धमान म्हणाले. "ती म्हणती डबा मी ठेवला न्हाई. मग कुणी ठेवला म्हटलं की तिच्याकडं उत्तर न्हाई. त्यांना वाटतंय कुणाला तरी लपवतीया. घरच्या माणसानं पुढं येऊन सांगाय पायजे."

मी मान हलवली.

दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. आग्रहाने घरी नेलं. माणसं फार चांगली. ताटाच्या बाजूला दिवाळीचा उरलेला फराळ होता, त्यात दोन अनारसे. पांढरी खसखस लागलेले. मला हात लावता येईना. पोट बरं नाही म्हणालो. वर्धमानच्या बायकोने ताटली उचलून आत नेली.

३ नोव्हेंबर

राग येतो. आधी त्या कायद्याचा येतो. मुठीएवढा डबा, त्यात काय कोणाला झिंग येणार? मग रेश्माचा येतो. एवढी शिकली सवरली, निघायच्या आधी आपली बॅग स्वतः उपसून बघायला नको? फौजेत पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. मग हिचा येतो. त्या दिवशी दोघी कुजबुजत होत्या, ते मलाही सांगितलं असतं तर?

माझा येतो तेव्हा मी उठून गोठ्यात जातो. म्हशीला चारा टाकतो. टाकलेलाच पुन्हा टाकतो.

५ नोव्हेंबर

ही जेवत नाही. कार्तिकातले उपास धरलेत म्हणते. एरवी एकादशीशिवाय उपास न करणारी बाई, यंदाच कुठून एवढा देव आला? मी टोमणा मारला, "देवाचं काय देणं लागतीस का?" ती म्हणाली, "लागत असंल." आणि न्हाणीत गेली. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

६ नोव्हेंबर

आज फळीवर पाहिलं तर खसखशीची बरणी धुऊन पालथी घातलेली. विचारलं, खसखस कुठे? "किडली व्हती. चुलीत घातली." गेल्याच महिन्यात मी निवडून आणलेली खसखस किडते कशी? पण वाद घातला नाही. नजरेसमोर नाही तेच बरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आक्काताईचा फोन. रेश्माला भेटून आली. पोरगी बारीक झाली आहे, पण धीर सोडलेला नाही. मी विचारलं, खायला काय देतात? "देत्यात काका, डाळभात मिळतोय. मी चकली न्हेली व्हती, आत न्हेऊ दिली न्हाई."

मग पुन्हा तेच. वकील म्हणतो, ज्याने डबा ठेवला त्याने ओळखपत्र दाखवून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर सांगायचं. नाव, गाव, मीच ठेवला, मुलीला माहीत नव्हतं, आमच्याकडे हा सणाचा गोड पदार्थ असतो, हा कायदा आम्हाला ठाऊक नव्हता. बस. ते तिथल्या कोर्टापुढे ठेवतील.

"काका, तुमी घरात विचारतो म्हणाला व्हता."

मी म्हटलं, "दोन दिवसांत कळवतो."

हे असं सोपं नसतं. मी निवृत्त सुभेदार आहे. पेन्शन सरकारची आहे. परदेशातल्या अफूच्या केसमध्ये माझं तोंड आणि माझं आधार कार्ड गेलं तर उद्या इथे कोण काय चौकशी लावेल? रेश्माची काळजी आहे म्हणूनच विचार करायला हवा. दोघंही अडकलो तर तिच्यासाठी धावणार कोण?

वाचून पाहिलं. बरोबर आहे. तरी सारखं वाटतं की हे कोणीतरी दुसऱ्याने लिहिलं आहे.

१० नोव्हेंबर

निवृत्त सैनिकांची बैठक. मला बोलायला लावलं. विषय नव्या पिढीतली शिस्त. मी जबाबदारीवर बोललो. सीमेवर पहारा देणाऱ्याला पहारा दुसऱ्यावर ढकलता येत नाही, असं म्हणालो. टाळ्या झाल्या. नाथाजी पाटलांनी चहा पिताना विचारलं, "पोरगी पोचली न्हवं सुखरूप?" मी म्हटलं, "व्हय की. मजेत हाय."

चहा अर्धा ठेवून उठलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आक्काताईचे दोन फोन आले. उचलले नाहीत. काय सांगायचं ते ठरल्यावर उचलेन.

सकाळी ही रहिमतपूरला गेली. डोळ्यांना अंधारी येते म्हणे, डॉक्टरला दाखवायचं. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. पाडव्याला नेसलेली चांगली साडी नेसली, कुंकू ठसठशीत लावलं. कपाटातून आधार कार्ड घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरला आधार कार्ड कशाला लागतं? सगळीकडे मागतात हल्ली, म्हणाली.

दुपारी परतली. चष्मा नाही, थेंब नाहीत. "काय म्हणाला डॉक्टर?" "दिसतंय तेवढं बास हाय म्हणाला." मग पदर डोक्याखाली घेऊन जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. डोळे खरंच सुजले होते.

१४ नोव्हेंबर

शेवटी मी हिय्या करून आक्काताईला फोन लावला. मनाशी वाक्यही जुळवलं होतं. पण मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "काका, काम झालं बघा. घरनं कळवलं ते वकिलाला लगेच पाठवलं. लय बरं झालं. आता सुटंल ती."

कोणी कळवलं? मी "बरं, बरं" म्हणालो आणि ठेवला. वर्धमानने काहीतरी खटपट केली असणार. त्यांच्या ओळखी मोठ्या. भला माणूस. आपली इज्जतही राहिली आणि पोरीचं कामही झालं. सांगलीला जाऊन त्यांचे आभार मानायला हवेत.

पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या. ही बघत बसली होती.

२१ नोव्हेंबर

रेश्मा सुटली.

आक्काताईनेच सांगितलं. शिक्षा नाही. पण देश सोडायचा, आणि पुन्हा तिथे पाऊल ठेवता यायचं नाही. दवाखान्याने नोकरीवरून काढलं. त्यांचा नाइलाज आहे म्हणाले. सहा वर्षांची नोकरी. ह्याच साली तिला वॉर्डाची मुख्य करणार होते. परीक्षेला बसली होती. हे सुटीत तिने मला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं होतं का, देव जाणे.

हिला म्हणालो, "रेश्मा येतीया. लांब सुटी घेऊन."

"बरं," म्हणाली. चुलीपुढे बसली होती, तिथूनच. विचारलंही नाही की महिन्याभरात पुन्हा कशी सुटी मिळाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रेश्मा घरी आली. स्टँडवर येऊ नका म्हणाली होती. मी वेशीवरच्या पिंपळाखाली जाऊन थांबलो. रिक्षातून उतरली. हातात एकच बॅग, तीच. मला पाहून गळ्यात पडली. "नाना," एवढंच म्हणाली. हाडं लागली हाताला.

हिने भाकरतुकडा आणला. रेश्मा थांबली नाही. आईच्या बाजूने निघून सरळ आत गेली. हिच्या हातात तुकडा तसाच. मग ही एकटीच बाहेर जाऊन तो टाकून आली.

३० नोव्हेंबर

रेश्मा आईशी बोलत नाही. ताट आईने वाढलं तर उठून स्वतः भात घेते. माझ्याशी बोलते, पाणी आणून देते, माझे पाय दुखतात का विचारते. मला ते सहन होत नाही आणि हवंही वाटतं.

१ डिसेंबर, सोमवार

आज रेश्माला मळ्यात घेऊन गेलो. उसाच्या बांधावर बसलो. मी विचारलं, आईशी का अशी वागतेस? सगळं बोलली. तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण मी ते विसरता कामा नये.

"नाना, मारलं-बिरलं न्हाई कुणी. पण रोज त्योच सवाल. डबा कुणी दिला? मी म्हणायची, मला ठाऊक न्हाई. मग म्हणायचं, ठाऊक नसताना तुझ्या टॉवेलात कसा आला? कुणाला वाचवतीयास? मला वाटाय लागलं, मीच ठेवला असंल आन् इसरली असंल. डोकं फिरायची पाळी आली व्हती. मग आईचा व्हिडिओ आला. वकिलानं मला दाखवलं. आई साडी नेसून, हात जोडून उभी. म्या ठिवला म्हणाली. माझ्या पोरीला म्हाईत न्हवतं. शिक्षा करायची तर मला करा, मी तिकडं येते म्हणाली. तवा कुठं त्यांनी इचारायचं थांबवलं."

मी बांधावरचं गवत उपटू लागलो.

"पण नाना, तिला म्हाईत व्हतं! तुमी दूध घ्याय बाहेर गेला तवा मी तिला सांगितलं व्हतं, तिथं खसखशीला बंदी हाय, माणसं तुरुंगात जात्यात. तिनं ऐकलं, व्हय म्हणाली. आन् तरी घातला डबा. आन् सांगाय पंधरा दिस लावलं. कशी बोलू मी तिच्याशी? तुमीच सांगा."

ऊस तोडणाऱ्यांची टोळी शेजारच्या शिवारात आली होती. एक बाई कोणाला तरी हाका मारत होती. मी तिकडे बघत राहिलो. रेश्माने माझा हात धरला. बापाला धक्का बसला असं तिला वाटलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी जाऊन दोघींसमोर सांगू, असं मनाला म्हणालो. घरी आलो. सांगितलं नाही. रात्रीचं जेवण झालं, तरी नाही.

ही पहिल्यापासून सगळं जाणत होती. फळीवरचा डबा कमी झालेला हिला दिसला असणार, आणि आक्काताईचा नंबर माझ्या फोनात होताच. बरणी, उपास, न्हाणीतलं पाणी, ती चांगली साडी. आणि मी तिला भोळी म्हणून लिहिलं आहे, काही पानं मागे.

२ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

दुपारी तिघंही जेवायला बसलो होतो. आमटी-भात. रेश्मा भिंतीकडे तोंड करून. मी घास घेतला आणि खाली ठेवला. म्हणालो, "रेश्मा, डबा मी ठेवला. तुझ्या आईनं न्हवं. ती नगं म्हणत व्हती. तुमी देवळात गेला तवा मी ठेवला."

चुलीवर पाणी उकळत होतं, त्याचा आवाज.

मला वाटलं रेश्मा ओरडेल. ताट फेकेल. मी तयारीत होतो. उलट मला वाटत होतं की तिने तसं करावं. पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. हळूहळू वळून आईकडे तोंड केलं. ही पदराने हात पुसत होती.

"आई. मग तू का म्हणालीस, म्या ठेवला म्हणून? नानांचंच नाव का न्हाई सांगितलंस?"

चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. हिने माझ्या ताटात आमटी वाढली, मला पातळ लागते तेवढी, आणि मग बोलली. आवाज अगदी रोजचा होता.

"नाव सांगून काय झालं असतं? मोबाइलपुढं उभं राहून त्यांनीच बोलाय पायजे व्हतं. आन् ते त्यांच्यानं झालं नसतं, गं."

रेश्मा उठली आणि आईजवळ जाऊन बसली. मी ताटातला भात संपवला.